समुद्रावर जायचं ते कधी? आरोंद्याच्या तरीवरची एक आठवण

पोस्ट लांबली आहे, चहा घेऊन बसा.

गेले पंधरा दिवस आमच्या घरच्या ग्रुपवर एकच वाद चाललाय. सगळ्यांनी मिळून चार दिवस समुद्रावर जायचं ठरलं. कुठं, तेही ठरलं, केरीला. कधी जायचं यावर मात्र गाडं अडलंय. पुण्याची बहीण म्हणते दिवाळीत. वडोदऱ्याचा पुतण्या म्हणतो नाताळात, त्याला रजा तेव्हाच मिळते. आणि आम्ही बेळगावकर म्हणतो, मे. का, तर आमच्यात समुद्रावर मे महिन्यातच जातात. "आज्जी मेमध्येच जायची," असं कुणीतरी लिहिलं की पुढं सगळे गप्प. आज्जीला जाऊन तीस वर्षं होत आली, तरी तिचा शब्द अजून चालतो.

पण आज्जी मेमध्ये का जायची, हे त्या ग्रुपवर आता मी आणि आत्ती सोडून फारसं कुणाला माहीत नाही. म्हणून लिहायला बसलो.

आज्जीचं माहेर पेडण्यातलं, केरीपासून तासाभराच्या चालीवर. पेडणं म्हणजे पोर्तुगीजांच्या नव्या काबिजादीतलं. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सावंतवाडीकरांच्या ताब्यात होतं, मग पोर्तुगीजांकडे गेलं. घरात बोलायचं कोकणी, वाचायचं मराठी, पोथ्या मराठी, पत्रंही मराठी. लग्न होऊन ती शहापुरात आली, आजोबांच्या लुगड्यांच्या दुकानाच्या घरात. शहापूर तेव्हा सांगली संस्थानात आणि शेजारचं बेळगाव इंग्रजांच्या मुलखात. म्हणजे सरहद्द ओलांडायची सवय आम्हाला तेव्हापासूनची आहे.

आता गंमत बघा. बेळगाव समुद्रापासून अडीच हजार फूट उंच. मे महिन्यात दुपार तापते खरी, पण रात्री अंगावर काहीतरी घ्यावं लागतं, आणि वळवाचे दोन पाऊस झाले की संपलं. गोव्यातली माणसं उन्हाळ्यात हवापालटाला आमच्याकडे यायची. आणि आम्ही त्याच दिवसांत घाट उतरून घामाच्या धारा गाळायला खाली जायचो. आंबोली घाटात वर येणारी गाडी आणि खाली जाणारी गाडी समोरासमोर आल्या की दोन्ही गाड्यांतली माणसं एकमेकांना वेडी समजत असणार.

याचं कारण साधं आहे. माहेराला मुलांशिवाय जायचं नसतं, आणि मुलांना सुटी मेमध्ये. शिवाय वरती लग्नसराई. अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे आजोबांना दुकानातून मान वर करायला सवड नसे, त्यामुळे ते कधीच बरोबर यायचे नाहीत. ते नसले की आज्जीला माहेरी जास्त बरं वाटायचं, असं आत्ती म्हणते. (आत्ती आता ऐंशीच्या पुढची आहे. तिला आता काहीही बोलायचा अधिकार आहे.) आणि खाली तेव्हा सगळंच पिकलेलं असायचं. मानकुराद, फणस, काजू. अंगणात सोलं वाळत पडलेली. बाजारात पुरुमेंताची गडबड, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, सुकी मासळी, मिरच्या, चिंच, कांद्याच्या माळा. शिरोड्याच्या मिठागरांत मिठाचे ढीग. मीठ उन्हाच्या दिवसांत धरतं आणि पाऊस यायच्या आत उचलावं लागतं. 1930 चा शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रहही मे महिन्यातलाच.

गोव्यातल्या खात्यापित्या ख्रिस्ती कुटुंबांतही हीच रीत होती. ते तिला मुदांस म्हणत, म्हणजे बदल, हवापालट. मडगावची बडी मंडळी एप्रिल-मेमध्ये कोलव्याला बिऱ्हाड हलवायची. आमच्या टिळकवाडीतले काही लोक रेल्वेनं मडगाव गाठायचे. 1888 पासून कॅसलरॉकवरून दूधसागरच्या अंगानं खाली मुरगावपर्यंत मीटरगेज गाडी होतीच. आज्जीची वाट वेगळी होती. शिनोळीवरून चंदगडच्या अंगानं आंबोली, मग सावंतवाडी, तिथून आरोंदा. आरोंद्याला तेरेखोलची खाडी आडवी येते. पलीकडे किरणपाणी, म्हणजे गोवा. तरीतून पलीकडे उतरलं की नाक्यावर गाठोडं सोडून दाखवायचं आणि पुढं चालत.

समुद्रात न्हाणं हा तिच्या लेखी खेळ नव्हता, औषध होतं. खारं पाणी अंगाला लागलं की वर्षभर खरूज, सांधे, काही म्हणून त्रास होत नाही. न्हाणं विषम मोजायची, पाच किंवा सात किंवा नऊ. सहावं झालं की सातवं झाल्याशिवाय निघायचं नाही. आणि मिरगाच्या आत परत यायचं. मृग नक्षत्र 7 जूनच्या सुमाराला लागतं, गोव्यात मोसमी पाऊसही साधारण त्याच आठवड्यात येतो. पण ती आठ-दहा दिवस आधीच सामान बांधायची. समुद्राचा रंग बदलला, लाटांमधलं अंतर वाढलं आणि लाट फुटताना खालून वाळू उपसायला लागली, की म्हणायची, "आता दर्या पिसाळलो. नमस्कार कर आनी घराक चल."

यात अंधश्रद्धा काही नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. पाऊस यायच्या आधीच लांब दक्षिणेकडून मोठ्या लाटा आपल्या किनाऱ्यावर पोचायला लागतात. आकाश स्वच्छ, वारा बेताचा, आणि तरी पाण्याला ओढ असते. पावसाळाभर समुद्र किनाऱ्यावरची वाळू ओढून आत नेतो, नारळी पौर्णिमेनंतर हळूहळू परत आणून टाकतो. म्हणून जुलैत बघितलेली पुळण आणि फेब्रुवारीत बघितलेली पुळण एकच आहे यावर विश्वास बसत नाही. कोळी लोक या दिवसांत होड्या वर ओढून ठेवायचे. आता पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची मासेमारी बंदीच असते. मुंबईहून वेंगुर्ल्यापर्यंत येणाऱ्या आगबोटीही पावसाळ्यात बंद असायच्या. पावसातल्या समुद्राशी घेतलेल्या गाठीची मोठी आठवण आपल्याकडे रामदास बोटीची. 17 जुलै 1947 ला मुंबईहून रेवसला निघालेली ती बोट बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. आमच्या घरात ते नाव काढायचं नाही असा नियमच होता, आणि आमचं तर त्या बोटीत कुणी नव्हतंही.

मी स्वतः हा नियम एकदा मोडलाय. कॉलेजात असताना, जूनच्या मध्यावर, चार मित्रांबरोबर. पाणी गुडघ्याएवढंच होतं. दोन मिनिटांनी पायाखालची वाळू सरकली आणि मी किनाऱ्यापासून लांब गेलो, कसा ते कळलंच नाही. किनाऱ्याकडे तोंड करून जितका पोहायला बघावं तितका आत. एका मच्छीमाराने वरून ओरडून सांगितलं, सरळ येऊ नको, आडवा जा. आडवा गेलो आणि बाहेर आलो. त्यानं वर दोन शिव्याही दिल्या, त्या योग्यच होत्या. गोव्याच्या किनाऱ्यांवर 2008 पासून पगारी जीवरक्षक आहेत. तेव्हा तोच एक जीवरक्षक होता. आज्जीला हे मी कधी सांगितलं नाही.

असो. आता मूळ गोष्टीकडे येतो.

1955 च्या 15 ऑगस्टला गोव्याच्या सरहद्दीवर सत्याग्रह झाला. पेडण्यात पत्रादेवीला गोळीबार झाला, माणसं मेली. त्यानंतर सरहद्द बंद झाली. रेल्वे बंद, माल बंद, माणसांचं जाणं-येणं बंद. आमच्या इतिहासाच्या पुस्तकात हे सगळं दोन ओळींत होतं. आमच्या घरात मात्र त्याचा अर्थ असा झाला, की आज्जीचं माहेर बंद झालं. तिनं परवान्यासाठी खटपट केली, मिळाला नाही.

1956 चा मे आला. आजोबा म्हणाले, यंदा राहू दे. ती म्हणाली, मी आरोंद्यापर्यंत जाते. सावंतवाडीला आजोबांच्या ओळखीचे एक व्यापारी होते, त्यांच्यामार्फत कसा कोण जाणे, पलीकडे निरोप पोचला. वैशाखी पौर्णिमेला सकाळी खाडीवर यायचं.

पौर्णिमाच का, ते ऐका. इकडची माणसं भरती-ओहोटीचा हिशोब तिथीवर करतात. पुनवेला आणि अवसेला आपल्या किनाऱ्यावर भरती दुपारी बाराच्या आसपास येते. म्हणजे सकाळी सहाच्या सुमाराला पुरी ओहोटी. खाडीचं पाणी मागे हटतं, दोन्ही काठांवरून चिखलात थोडं पुढं उतरता येतं. मधलं अंतर तेवढंच कमी. शिवाय तारीख लिहून पाठवायला नको, पुनव दोन्हीकडे एकाच दिवशी.

त्या वर्षी वैशाखी पौर्णिमा 24 मेला होती. आत्ती तेव्हा बारा वर्षांची, माझे वडील चार-पाच वर्षांचे. आत्ती सांगते, पहाटे अंधारात आम्ही चिखलात उतरलो, आईनं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं होतं. उजाडायला लागलं तसं पलीकडे तीन माणसं दिसली. चेहरे दिसत नव्हते. एक हिरवं लुगडं दिसत होतं. आईनं दोन्ही हात वर केले. पलीकडच्या हिरव्या लुगड्यानंही केले. आईनं आमच्या बंड्याला, म्हणजे माझ्या वडलांना, उचलून डोक्याच्या वर धरलं. आवाज काही पोचत नव्हता, वारा आडवा होता. पलीकडे नाक्यावरचे शिपाई असायचे, त्यामुळे फार वेळ थांबताही येत नव्हतं. पाणी चढायला लागलं तशी दोन्हीकडची माणसं मागं सरली.

मग शिरोड्याला जाऊन आज्जीनं सात न्हाणं केली आणि परत आली. समुद्र तोच, म्हणाली.

पुढच्या मेला, म्हणजे 1957 साली, तोवर राज्यांची पुनर्रचना झाली होती. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. त्यावर आपण सगळे पुष्कळ बोललो आहोत, इथं परत नको. पण आज्जीची गत बघा. सासर म्हैसूर राज्यात, माहेर पोर्तुगीजांकडे, आणि ती उभी कुठं, तर मुंबई राज्यातल्या आरोंद्याच्या चिखलात. तीन सरकारं आणि मध्ये एक खाडी. त्याही वर्षी हिरवं लुगडं आलं. 1958 ला पुनव 3 मेलाच होती, शाळांचे निकाल लागले होते, ती गेली. पलीकडे हिरवं लुगडं होतं, पण ते चिखलात उतरलं नाही. काठावरच कशावर तरी बसलेलं होतं.

त्याच पावसाळ्यात तिची आई गेली. बातमी तीन आठवड्यांनी पोचली, सावंतवाडीमार्गेच. दिवस करायचे होते ते इथं शहापुरात केले.

1959 च्या मेमध्ये ती पुन्हा आरोंद्याला गेली. आजोबा या खेपेला काही बोलले नाहीत. पलीकडे तिचा भाऊ एकटा उभा होता.

म्हणजे आमच्या घरातला तो जो "मे महिना" आहे, तो असा आहे. तो हवेवरून ठरला नव्हता, आणि समुद्रावरून तर नाहीच. म्हणून ग्रुपवर कुणी "मे आपली परंपरा आहे" असं लिहिलं की मला जरा कसंतरी होतं.

आता यातला दुसरा भाग, जो घरात कुणालाच ठाऊक नाही. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मोकळा झाला. महिनाही झाला नव्हता, जानेवारीत, संक्रांत झाल्या झाल्या आज्जी निघाली. त्या वेळी 1962 च्या फेब्रुवारीत अष्टग्रही येणार म्हणून सगळीकडे घबराट होती, होमहवनं चालली होती. जग बुडणार म्हणे. आजोबा म्हणाले, ते ग्रह होऊन जाऊ देत, मग जा. ती म्हणाली, जग बुडायचंच असेल तर मला माहेरी बुडू द्या. बरोबर सहा वर्षांचा साठलेला तिळगूळ, म्हणजे सहा डबे. आत्ती बरोबर होती.

पौषातला समुद्र तिनं लग्नानंतर पहिल्यांदाच बघितला. आत्ती सांगते, पहिल्या दिवशी भावाच्या गळ्यात पडून रडून झालं, आईच्या खोलीत जाऊन आली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी केरीच्या पुळणीवर गेली. पाणी तळ्यासारखं. सकाळी वारा डोंगराकडून समुद्राकडे, आपण शाळेत शिकलो ते मतलई वारे, त्यामुळे लाटेचा माथा सपाट. पाण्यात उभं राहिलं तर स्वतःचे पाय दिसत होते. अंगाला घाम नाही. आंबे नाहीत, फणस नाहीत, भाचरं शाळेत गेलेली, पुळणीवर चिटपाखरू नाही. ती बराच वेळ पाण्यात उभी राहिली आणि आत्तीला म्हणाली, "दर्या बघायचा तर या दिवसांत. मे हा माहेराचा महिना, दर्याचा न्हवे."

हे तिनं परत कधी कुणाला सांगितलं नाही. पुढं 1962 पासून पुन्हा दरवर्षी मेमध्येच जात राहिली, कारण शाळा मेमध्येच बंद असायच्या.

हवामानाच्या आकड्यांनीही ती बरोबरच ठरते. पणजीत जानेवारीत दुपारचं तापमान साधारण 32 अंश आणि मेमध्ये 33 च्या आसपास. म्हणजे दुपारी काही फरक नाही! फरक आहे तो रात्रीचा. जानेवारीत पारा वीसपर्यंत उतरतो, मेमध्ये सत्तावीसच्या खाली यायला तयार नसतो, आणि हवेतला दमटपणा वेगळाच. पाणी दोन्ही वेळा कोमटच. पुण्याच्या बहिणीची दिवाळी मला तितकीशी पटत नाही. ऑक्टोबर तापतो, परतीचा पाऊस कधी येईल सांगता येत नाही, आणि पुळण अजून भरलेली नसते. नोव्हेंबरच्या मध्यानंतर मग बरं. नाताळ ते एक जानेवारी हा आठवडा मात्र सोडूनच द्यावा. तो हंगाम आपल्यासाठी झालेला नाही. साठीच्या दशकाच्या शेवटी कळंगुट-हणजूणला हिप्पी आले ते त्यांच्याकडच्या थंडीला कंटाळून, आणि ऐंशीच्या दशकात युरोपातून विमानं भरून यायला लागली तीही त्याच कारणानं. गोव्याचा "सीझन" हा युरोपच्या बर्फावर ठरलाय, आणि त्या आठवड्याचे खोल्यांचे भाव ऐकले की ते पटतं.

आपल्या लोकांचा एक जुना हिवाळी हंगाम होता, तो आपण विसरलो. महाशिवरात्र. कुणकेश्वरची जत्रा, दुसऱ्या दिवशी अमावास्येचं समुद्रस्नान. बेळगावची माणसं गोकर्णालाही जातातच. तेव्हा थंडी सरत आलेली असते, समुद्र शांत असतो, पुळण भरलेली असते. त्याच सुमाराला मोरजीला कासवांच्या घरट्यांभोवती कुंपण घातलेलं दिसतं. पण मुलांच्या परीक्षा तोंडावर.

शेवटी अडतं तिथंच. आमच्या घरातली मुलं आता तीन राज्यांच्या शाळांत आहेत. कर्नाटकात दसऱ्याची सुटी मोठी, महाराष्ट्रात दिवाळीची. उन्हाळ्याची सुटी एकाची जूनच्या तोंडाशी संपते, दुसऱ्याची जूनच्या मध्याला. तिन्हीकडे एकदम मोकळे असे दिवस काढायला बसलं तर हातात उरतो तो मे. सत्तर वर्षांपूर्वी होता तसाच.

म्हणून मी काल ग्रुपवर असं टाकलंय. पोराबाळांना घेऊन सगळ्यांनी मेच्या पहिल्या पंधरवड्यात जावं, मिरग लांब असताना, आणि पाण्यात सकाळी आठच्या आत उतरावं. आणि त्याआधी, जानेवारीत, संक्रांतीनंतरच्या आठवड्यात, ज्यांच्या मागं शाळा नाही अशा आम्ही तिघा-चौघांनी आत्तीला घेऊन केरीला जाऊन यावं. तिचे गुडघे आता घाट सोसतील की नाही माहीत नाही, पण तिनं लगेच विचारलं, कुठली गाडी करणार. आरोंदा-किरणपाणीला आता पूल आहे. तिला पुलावरून जायचं नाही, पुलाच्या अलीकडे थोडा वेळ उतरायचं आहे. सकाळी सहाला, ओहोटी असेल त्या दिवशी. पंचांग काढून बसली आहे.

पुतण्यानं अंगठा दाखवलाय. बहिणीचं उत्तर अजून नाही.

एक विनंती. 1955 ते 61 या काळात आरोंदा, सातार्डा, दोडामार्ग किंवा कॅसलरॉक, कुठल्याही नाक्यावरून अशी लांबून भेटगाठ झालेली तुमच्या घरात कुणी असेल, तर खाली जरूर लिहा. आरोंद्याच्या जुन्या तरीचा फोटो कुणाकडे असला तर तोही टाका. आमच्याकडे एकही नाही.